झाकण लावण्यापूर्वी

माझे मामा वसईच्या किनाऱ्यावरील एका कोळीवाड्यात राहतात. त्यांची होडी लहान आहे. वर छप्पर नाही, खाली मासळीचा खण नाही. पहाटे निघावे, किनारा दिसेल इतक्याच अंतरावर जाळे टाकावे आणि दुपार कलण्याच्या आत परत यावे, असा त्या होडीचा दिनक्रम. होडीत मामा, त्यांचा धाकटा मुलगा आणि एक खलाशी असे तिघे असतात. चौथी जागा बर्फाच्या पेटीची. बाहेरून गोणपाट गुंडाळलेली ती थर्माकोलची पेटी मी कित्येक वर्षे पाहत आलो आहे.

काही वर्षांपूर्वी मामांचा थोरला मुलगा आखाती देशातून सुटीवर आला, तेव्हा येताना विजेवर चालणारी एक शीतपेटी घेऊन आला. लोक सहलीला जाताना मोटारीत ठेवतात तसली ती पेटी. निळी, हलकी, झाकणात लहानसा पंखा असलेली. होडीत ती थेट इंजिनाच्या बॅटरीला जोडण्यात आली. हिरवा दिवा लागला, पंखा गुणगुणू लागला. "पपा, आता बर्फाच्या मागे धावायला नको," असे तो म्हणाला. त्या बोलण्यात प्रेमाखेरीज दुसरे काही नव्हते. अंधारात बर्फाच्या लाद्या आणून फोडणाऱ्या बापाचे गारठलेले हात त्याने लहानपणापासून पाहिले होते.

एवढ्याशा पेटीत नीतीचा प्रश्न कोठून आला, असे वाचक विचारतील. मलाही आरंभी तसेच वाटले होते. परंतु त्या पेटीने मामांच्या घरात एकामागून एक तीन प्रश्न उभे केले, आणि त्यांतील शेवटचा प्रश्न केवळ कोळीवाड्याचा नाही; ज्यांच्या घरी शीतकपाट आहे त्या प्रत्येकाचा तो आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ती पेटी कशी चालते ते सांगितले पाहिजे, कारण वस्तूचे खरे स्वरूप ठाऊक नसताना तिच्याविषयी केलेला नैतिक विचार हवेत राहतो. १८३४ साली ज्याँ पेल्तिए या फ्रेंच संशोधकाच्या लक्षात आले की, दोन भिन्न धातूंच्या सांध्यांमधून विजेचा प्रवाह सोडला असता एक सांधा थंड होतो व दुसरा तापतो. स्वस्त शीतपेट्या याच तत्त्वावर चालतात. त्यांत घरच्या शीतकपाटासारखा कॉम्प्रेसर नसतो. बाहेरच्या हवेपेक्षा साधारण पंधरा ते वीस अंश कमी, एवढीच त्यांची धाव. एप्रिल महिन्यात समुद्रावर चौतीस अंश उष्णता असेल, तर आत फार तर चौदा ते एकोणीस अंश. तेही पेटी सावलीत असेल आणि आत ठेवलेली वस्तू आधीच थंड असेल तर. मासळी टिकण्यासाठी मात्र शून्य अंशाच्या जवळपासचा गारवा लागतो, आणि वितळता बर्फ नेमका तोच देतो.

हिशेब केला तर आणखी आश्चर्य वाटते. अशी पेटी बारा व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे चार-पाच अँपिअर प्रवाह ओढते, आणि त्या शक्तीचा निम्म्याहून कमी अंश उष्णता बाहेर काढण्याच्या कामी येतो. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. या मापाने दहा तास अखंड गुणगुणणाऱ्या पेटीचे काम जेमतेम दोन किलो बर्फाएवढे भरते. उलट, होडीवर नुकतीच आलेली दहा किलो मासळी शून्य अंशापर्यंत निववायलाच तीन किलोंच्या आसपास बर्फ खर्ची पडतो. म्हणजे पेटीत थंडावा राखण्याचे थोडेफार सामर्थ्य आहे. थंडावा निर्माण करण्याचे फारसे नाही. हे आम्हांपैकी कोणालाच त्या वेळी ठाऊक नव्हते. आमच्यापुढे फक्त हिरवा दिवा होता.

पहिला प्रश्न चौथ्या की पाचव्या दिवशी उभा राहिला. जाळे टाकल्यावर डिझेल वाचावे म्हणून मामा इंजिन बंद ठेवतात. इंजिन बंद, म्हणजे बॅटरी भरणे बंद. पेटी मात्र चालूच. बॅटरी जुनी होती. चार-पाच तासांनी जाळे ओढून झाले, मामांनी कळ फिरवली आणि इंजिनाने नुसता एक उसासा टाकला. ओहोटी लागली होती. होडी हळूहळू बाहेरच्या अंगाला वाहू लागली. वारा पडलेला होता आणि दुसरी एक होडी हाकेच्या अंतरावर होती, म्हणून फारसे काही बिघडले नाही. त्या लोकांनी दोर टाकून मामांना किनाऱ्याला आणले. पण घरी आल्यावर मामा बराच वेळ ओट्यावर गप्प बसून होते. शेवटी एवढेच म्हणाले, "बारा किलो म्हावऱ्यासाठी मी तीन माणसं पणाला लावली होती."

हे वाक्य मला विसरता येत नाही. लहान होडीत शक्तीचा साठा एकच असतो. तीच बॅटरी इंजिन चालू करते, तीच दिवा लावते, तीच बिनतारी यंत्राला बळ देते. तिच्यातून जे काही आपण घेऊ, ते दुसऱ्या कशातून तरी वजा होत असते. किनाऱ्यावर भिंतीतल्या खोबणीत पिन घालणाऱ्याला ही वजाबाकी दिसत नाही. होडीत ती दिसायला हवी होती, परंतु तिथेही ती दिसली नाही. कारण वस्तू भेट म्हणून आली होती आणि भेटवस्तूकडे आपण खर्च म्हणून पाहत नाही. माल राखण्याच्या नादात मालाचा धनीच असुरक्षित व्हावा, हे आपल्या संसारांतही थोडे का घडते? घर बांधण्यासाठी कर्ज काढावे, ते फेडण्यासाठी रात्रंदिवस बाहेर राहावे आणि घरात राहायला कोणी उरू नये, अशी उदाहरणे वाचकांना आपल्या आळीतही आढळतील. दुसऱ्या दिवशी मामांनी इंजिनाची बॅटरी इंजिनासाठीच राखून ठेवली आणि पेटीसाठी वेगळी बॅटरी घेतली. पंचवीसेक किलोंचे ते ओझे खलाशाच्या पायांशी, खाऱ्या पाण्यापासून जपून, फळीला घट्ट बांधून ठेवावे लागले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे वजन होऊन होडीत बसले.

दुसरा प्रश्न बाजारात उभा राहिला. मामी रोज दुपारी बाजारात पाटी मांडून बसते. तिची गिऱ्हाइके ठरलेली आहेत. काहींच्या तर आयाही तिच्या सासूकडून मासळी घेत असत. एके दिवशी बांगडे चांगले मिळाले होते, आणि पेटी चालू असल्यामुळे त्या दिवशी बर्फ नेलाच नव्हता. मामीने पाटी मांडली, एक बांगडा उचलला, कल्ला वर करून पाहिला, पाठीवर बोट दाबले. बोटाचा खळगा तसाच राहिला. तिने आणखी दोन-चार बांगडे पाहिले आणि सगळेच बाजूला काढले.

"अगं, पेटी चालू होती. दिवा शेवटपर्यंत हिरवा होता," थोरला मुलगा म्हणाला.

"मी दिव्याला विचारून विकत नाही," मामी म्हणाली.

त्या दिवसाचे बांगडे केळीच्या बुंध्याशी पुरले गेले. नुकसान लहान नव्हते. डिझेल, बॅटरी आणि तिघांची मजुरी असे सारेच त्या खड्ड्यात गेले. मुलाला वाईट वाटले आणि थोडा रागही आला. कारण त्यांतील बऱ्याच बांगड्यांना वास आलेला नव्हता. परंतु मामीचे हात जे जाणत होते, त्याला शास्त्राचाही आधार आहे. बांगडा, कुपा यांसारखी मासळी उष्णतेत राहिली की तिच्या मांसात जिवाणूंमुळे हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. पुष्कळदा त्याला वास नसतो, चव बिघडलेली नसते, आणि एकदा ते तयार झाले की शिजवल्याने किंवा गोठवल्यानेही नाहीसे होत नाही. खाणाऱ्याचे तोंड लाल होते, डोके दुखते, अंगावर गांधी उठतात, उलट्या-जुलाब होतात. म्हणजे विकणाऱ्याने गप्प राहायचे ठरवले, तर घेणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग जवळजवळ उरत नाही.

येथे बर्फ आणि यंत्र यांतील एक भेद माझ्या ध्यानात आला. बर्फ आपली अवस्था लपवत नाही. तो संपत आला की दिसतो; पाणी झाला की हाताला कळते; आणि तो संपला की तांडेलाला ठाऊक असते की, आता घड्याळ चालू झाले. यंत्राचा दिवा मात्र एवढेच सांगतो की यंत्राला वीज मिळते आहे. मासळी थंड आहे की नाही, हे तो सांगतच नाही. ते आपणच त्याच्या तोंडी घातलेले असते. यंत्राने आम्हांला फसवले नव्हते. त्याने न दिलेली साक्ष आम्ही गृहीत धरली होती. मामी दिवसातून पन्नास वेळा "ताजं आहे का गं?" या प्रश्नाला "हो" म्हणते. त्या एका शब्दावर तिचे सारे दुकान उभे आहे. तो शब्द उच्चारण्यापूर्वी त्याची खातरजमा करण्याचे काम तिने यंत्रावर सोपवले असते, तर शब्द तिचा राहिला असता काय? जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर देता येते, असे आपण समजतो. यंत्राला तर खांदाच नसतो. म्हणून तिथे दिलेली जबाबदारी केवळ हरवते. पुढे त्या पेटीत पुन्हा बर्फ जाऊ लागला, आणि बर्फ लवकर वितळू नये एवढेच काम विजेकडे राहिले. ते काम मात्र ती पेटी चोख करीत असे.

तिसरा प्रश्न यांहून सूक्ष्म. तो उभा राहिला पेटी फसली म्हणून नव्हे. पेटी उत्तम चालू लागली म्हणून.

दोन वर्षांनी थोरला मुलगा पुन्हा आला, तो अनुभवाने शहाणा होऊन. या वेळी त्याने आणलेली पेटी कॉम्प्रेसरची होती. महाग, जड, पण शून्य अंशाच्याही खाली जाणारी. हवे तेवढे थंड झाले की ती आपोआप थांबते, म्हणून दिवसभरात वीजही कमी खाते. पकडलेली मासळी आधी बर्फाच्या पाण्यात निववायची आणि मग पेटीत ठेवायची, अशी पद्धत मामांनी बसवली. होडी किनाऱ्याला लागली की पेटी घरी येई आणि तारेने भिंतीला जोडली जाई. मासळी वाया जाणे जवळपास थांबले. संध्याकाळी पडेल त्या भावाने पाटी रिकामी करण्याची मामीची लाचारी संपली. व्यापारी भाव पाडू लागला, तर "राहू दे, उद्या विकेन," असे ती आता म्हणू शकत होती. ज्याने गरिबाला भाव पाडून विकताना पाहिले आहे, त्याला या एका वाक्याचे मोल सांगावे लागणार नाही.

असे काही महिने गेले. एके संध्याकाळी मी मामींकडे गेलो होतो. बोलता बोलता मी सहज शेजारच्या म्हातारीची चौकशी केली. ती विधवा, मुलगा नाही, दुसऱ्यांच्या ओट्यावर सुकट निवडून पोट भरणारी. मामी क्षणभर थांबली. मग म्हणाली, "तिच्याकडे माझं जाणंच झालं नाही रे इतक्यात." आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटले.

कितीतरी वर्षे असे चालले होते की, बाजारातून परतताना पाटीच्या तळाशी जे चार-सहा मासे उरत, ते मामी त्या म्हातारीच्या दारात देत असे. कोणी ठरवलेले नव्हते. कोणी त्याला दान म्हणत नव्हते. उरलेली मासळी सकाळपर्यंत टिकणार नव्हती, म्हणून ती जवळच्या भुकेकडे जाई. आता उरलेली मासळी पेटीत जात होती. कोणी काही काढून घेतले नव्हते, कोणी दार लावले नव्हते, कोणाच्या मनात कंजूषपणा शिरला नव्हता. म्हातारीने चकार शब्द काढला नव्हता. कारण जे कधी कबूल केलेलेच नव्हते, ते मागणार कसे? फक्त एक झाकण लागले होते.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करीत आहे. जे नासणारच होते ते दिले, याला औदार्य म्हणावे काय? कठोर मनुष्य म्हणेल, मुळीच नाही; त्यात देणाऱ्याचे काहीच गेले नाही. ते म्हणणे अगदीच खोटे नाही. मामीची ती रोजची भेट निम्मी तिच्या स्वभावातून आली होती आणि निम्मी मासळीच्या स्वभावातून. मासळीचा स्वभाव आता यंत्राने बदलला. उरला तो मामीचा स्वभाव, आणि त्याला एकट्याने उभे राहण्याची सवय नव्हती. जुन्या दिवसांतील माणसे अधिक दिलदार होती, असे आपण नेहमी म्हणतो. त्या दिलदारीचा किती भाग त्यांच्या मनातला होता आणि किती भाग शीतकपाट नसण्याचा, हे आपण कधी पाहिले आहे काय?

यावर कोणी म्हणेल, मग पेटीच नको. मला हे पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगभरच्या मासळीपैकी सुमारे ३५ टक्के मासळी दरवर्षी वाया जाते, असा अंदाज दिला आहे. समुद्रातून जीव काढायचा आणि तो कुजवून टाकायचा, यात कोणतेही पुण्य नाही. शिवाय ज्याच्याजवळ राखण्याचे साधन नाही, त्याला भाव ठरवण्याचा अधिकारही नसतो. गरिबाची मासळी नासत राहावी म्हणजे शेजारणीला चार मासे मिळतील, असा धर्म सांगणाऱ्याच्या स्वतःच्या घरी बहुधा मोठे शीतकपाट असते.

आपल्या ग्रंथातही या विषयाच्या दोन्ही बाजू आहेत. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला, तेव्हा ज्यांनी तो सकाळपर्यंत साठवला त्यांच्या भांड्यात किडे पडले. परंतु त्याच अध्यायात असेही आहे की, शब्बाथासाठी आदल्या दिवशी राखलेला तोच मान्ना नासला नाही. आणि हजारो लोक पोटभर जेवल्यावर भाकरींचे उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून प्रभूने ते गोळा करायला लावले, तेव्हा बारा टोपल्या भरल्या. एके ठिकाणी साठवण नासली, दुसऱ्या ठिकाणी उरलेले जपण्याची आज्ञा झाली. मला वाटते, या दोहोंत विरोध नाही. तुकडे गोळा झाले ते सर्वांचे जेवण झाल्यावर. राखणे हे पाप नाही; प्रश्न एवढाच की राखण्याचा क्रम कितवा. आधी पंगत आणि मग टोपली, की आधी टोपली आणि मग उरल्यास पंगत?

मामीने मात्र यापैकी काही विचार बोलून दाखवला नाही. दोन-तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो, तेव्हा होडी नुकतीच लागली होती. खलाशी आणि मामेभाऊ पेटी उतरवीत होते. मामी वाळूतच उकिडवी बसली, तिने झाकण उघडले, आणि बाजाराची पाटी भरण्याआधी सहा बोंबील व दोन बांगडे काढून एका लहान भांड्यात ठेवले. मग झाकण लावले. भांडे मुलीच्या हाती देऊन म्हणाली, "आजीकडे दे. आणि आधी दे, मग खेळायला जा."

मी गमतीने म्हटले, "मामी, आधी तुम्ही संध्याकाळचं उरलेलं द्यायचात, आता सकाळचं चांगलं देता. पेटीनं तुमचं नुकसानच केलं."

ती हसली. म्हणाली, "उरलेलं देत होते तेव्हा ते म्हावरंच जात होतं तिच्याकडे. आता मी जाते."

मी यावर अधिक काय लिहावे? इतकेच की, नासण्याच्या भीतीने जे वाटप आपोआप होत असे, ते विज्ञानाने हळूहळू संपवले आहे. केवळ मासळीचे नव्हे, धान्याचे, पैशाचे, वेळेचेही. पूर्वी जे टिकत नव्हते ते आता टिकते, म्हणून पूर्वी जे सुटत होते ते आता हातातच राहते. साधनांचा यात दोष नाही. त्यांनी आपली एक सबब काढून घेतली, एवढेच. यापुढे शेजाऱ्याचा वाटा आपल्या हातूनच निघावा लागेल, आणि तो तळाशी उरलेला नसून वरचा असावा लागेल.

आज संध्याकाळी आपल्या घरी शीतकपाटाचे दार लावताना वाचकांनी क्षणभर थांबावे. आत काय आहे ते आपल्याला ठाऊकच असते. बाहेर कोण आहे, तेवढे आठवून पाहावे.